फौजेची वर्दी उतरवल्यानंतर कर्जदार बायकांच्या बाजूने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर-महू भागातल्या बायका, माजी सैनिकांची कुटुंबे, कधी देवास-उज्जैनचे लोकही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. फौज सोडल्यावर मी कर्जात अडकलेल्या बायकांना कागद वाचायला आणि तक्रार लिहायला मदत करते. पहिले काही प्रश्न माझ्या फौजेतल्या नोकरीबद्दल आहेत, कारण बोलणे बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. बाकीचे पैशांचे आहेत. एका उत्तराला दुसऱ्याची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. मुदती आणि रकमा अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी चालू नियम विचारून घ्या.

१. ताई, तुम्ही फौजेत म्हणजे नर्स होतात की डॉक्टर?

दोन्ही नाही. मी सिग्नल्समध्ये अधिकारी होते. युनिटचा रेडिओ, एक्सचेंज, केबल, म्हणजे एका ठिकाणचा संदेश दुसरीकडे वेळेत आणि बिनचूक पोचवणे, हे माझे काम होते. लष्करात बाई म्हटले की अनेक दशके मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आणि डॉक्टर एवढेच डोळ्यांसमोर यायचे. इतर शाखांमध्ये महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ साली सुरुवात झाली. आमचे प्रशिक्षण चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत झाले. सिग्नल्सचे पुढचे शिक्षण महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये होते. माहेर इंदूरचे, त्यामुळे तेवढे दिवस घरचे जेवण मिळाले.

२. इतकी वर्षे नोकरी केली, तर पेन्शन असेलच ना?

नाही. मी शॉर्ट सर्व्हिसवर होते. त्यात दहा वर्षे आणि वाढवून मिळाली तर आणखी चार, अशी कमाल चौदा वर्षे असायची. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षे सेवा लागते. पुरुष शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला परमनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, पर्याय होता. महिलांना तो २००८ मध्ये फक्त विधी आणि शिक्षण शाखेत मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणात निकाल दिला आणि बाकीच्या शाखांचे दार उघडले. २५ मार्च २०२१ च्या नितीशा प्रकरणात तर न्यायालय आणखी पुढे गेले. वरून सर्वांना सारखे दिसणारे निकष प्रत्यक्षात महिलांना बाहेर ठेवत असतील तर तोही भेदभावच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मी त्याआधीच बाहेर पडले होते. ग्रॅच्युइटी आणि साठवलेले पैसे मिळाले, दरमहा काही नाही. नितीशा प्रकरणातला तो विचार मात्र मी आजच्या कामात रोज वापरते. 'अर्जदाराच्या नावावर मालमत्ता हवी' ही अट सर्वांना सारखीच असते, पण ज्या घरात सगळे पुरुषांच्या नावावर आहे तिथल्या बाईला ती दारातच अडवते.

३. फौज सोडून वसुली आणि कर्जाच्या भानगडीत कशा पडलात?

ती भानगड फौजेतच भेटली. जवान सुट्टीचा अर्ज घेऊन येतो. कारण विचारले की आधी 'घरगुती' म्हणतो. थोडे बसवून बोलते केले की कर्ज बाहेर येते: बहिणीचे लग्न, घराचे छत, भावासाठी दिलेला जामीन. गावी असलेल्या त्याच्या बायकोला आकडा ठाऊक नसतो, व्याजाचा दर ठाऊक नसतो, पण वसुलीवाला दार तिचेच वाजवतो. युनिटच्या कौटुंबिक बैठकांत अशा बायका भेटत गेल्या. सही केलीत तो कागद कसला होता, असे विचारले की उत्तर एकच यायचे: 'ह्यांनी सांगितले, मी केली.'

सिग्नल सेंटरमध्ये प्रत्येक संदेशाची नोंद होते. किती वाजता आला, कोणी घेतला, किती वाजता पुढे गेला. ज्याची नोंद नाही तो संदेश आला असे कोणी मानत नाही. पैशांचा अन्याय मला नेमका इथे दिसतो. बाईचे नाव कर्जाच्या कागदावर असते, मालमत्तेच्या कागदावर नसते. तिला दमदाटी तोंडी होते आणि तिने दिलेले उत्तरही तोंडीच राहते. माझे सगळे काम एवढेच आहे की तिची बाजू तारखेसकट कागदावर यावी.

इंदुरात राहून हे काम करताना अहिल्याबाईंची आठवण न होणे अशक्य. इंदूरचा एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला. अहिल्याबाईंचे सेनापती तुकोजी होळकर यांचा तळ जवळच होता आणि त्यांना त्या संपत्तीत वाटा हवा होता. सावकाराची बायको तडक अहिल्याबाईंच्या राजधानीत, महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, मानाचा पोशाख देऊन तिला घराची आणि मालमत्तेची मालकीण ठरवले, आणि तुकोजींना इंदूरपासून तळ हलवायचा हुकूम पाठवला. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात हे लिहून ठेवले आहे. त्या बाईला मिळालेला पोशाख म्हणजे तिचा मालकीहक्क साऱ्या दरबारासमोर नोंदवला जाणे होते. दया म्हणून पैसे दिले असते तर दुसऱ्या दिवशी कोणीही येऊन ते काढून घेतले असते.

४. तुम्ही वकील आहात का? फी किती घेता?

वकील नाही आणि फी नाही. आम्ही कागद वाचतो, तक्रार लिहून देतो, कुठे जायचे ते सांगतो. कोर्टात उभे राहायचे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, आणि तिच्या उत्पन्नाची अट त्याला नाही. नवरा कमावतो, घर आहे, गाडी आहे, तरीही मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. आम्ही कर्ज मिळवून देत नाही, कर्ज माफ करून देत नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

५. हप्ते थकले. पोलीस पकडून नेतील का?

निव्वळ कर्ज फेडता आले नाही म्हणून अटक होत नाही. हे दिवाणी प्रकरण आहे. फोनवर 'वॉरंट निघाले आहे' म्हणणाऱ्याला वॉरंटचा क्रमांक आणि कोर्टाचे नाव विचारा, तो फोन ठेवतो.

पण तीन ठिकाणी सावध राहा. कर्जासाठी दिलेला चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे, म्हणजे चेकविषयीच्या कायद्याचे, कलम १३८ लागू शकते आणि ते फौजदारी आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला पैसे भरायला १५ दिवस असतात. ते १५ दिवस वाया घालवू नका. दुसरे, खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली अशीच कारवाई होऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिसरे, खोटी कागदपत्रे देऊन कर्ज घेतले असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. आणि कोर्टाचे समन्स आले तर ते घ्याच. दार न उघडल्याने केस थांबत नाही.

६. वसुलीवाले घरी येतात, शेजारपाजाऱ्यांसमोर वाटेल ते बोलतात. हे चालते का?

चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा ओळखीच्यांना त्रास देणे, सगळे निषिद्ध आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा फायनान्स कंपनीचीच असते.

दारात आलेल्या माणसाला आधी ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा. दोन्हींचा फोटो काढा. पैसे रोख देऊ नका. द्यावेच लागले तर पावतीशिवाय नाही. तो गेल्यावर वहीत लिहा: तारीख, वेळ, नाव, काय बोलला, कोणी ऐकले. भांडू नका. तुमच्या आवाजाचा व्हिडिओ त्यांच्याकडे जाईल आणि त्यांच्या बोलण्याचा तुमच्याकडे नसेल, असे व्हायला नको. अंगावर आले किंवा घरात घुसले तर ११२. बाकी तक्रारीची रीत प्रश्न ९ मध्ये आहे.

७. समूह लोन आहे. गटातल्या एकीने हप्ता दिला नाही, तर कंपनीच्या वसुलीच्या मॅडम सगळ्यांना रात्रीपर्यंत बसवून ठेवतात.

ही तक्रार इंदूरच्या वस्त्यांमधून सर्वांत जास्त येते. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज. त्याच्या वसुलीचे नियम नेहमीच्या कर्जापेक्षा कडक आहेत: सकाळी ९ च्या आधी नाही, संध्याकाळी ६ नंतर नाही. वसुली कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायला हवी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आली नाही तरच तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. मुदतीआधी फेडले म्हणून दंड नाही.

एकमेकींचा जामीन तुम्ही गटात लिहून दिला असेल, तर दुसरीच्या हप्त्यासाठी कंपनी तुमच्याकडे मागणी करू शकते. मागणी करणे वेगळे आणि बसवून ठेवणे वेगळे. सहा वाजले की उठा, 'आमची वेळ संपली' एवढेच म्हणा आणि सगळ्याजणी एकत्र बाहेर पडा. एकटी उठली तर तिला टोमणे ऐकावे लागतात, म्हणून हे आधी आपापसात ठरवा.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असे नवे मायक्रोफायनान्स कर्ज देता येत नाही. चार-चार कंपन्यांचे समूह लोन असलेल्या बाईच्या अर्जावर उत्पन्न किती लिहिले आहे ते बघा. पुष्कळदा तिने न सांगितलेला आकडा तिथे असतो. अर्जाची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे.

८. मोबाइल ॲपवरून थोडे पैसे घेतले. आता फोटो बदलून सगळ्यांना पाठवू म्हणतात.

पैसे पाठवून हे थांबत नाही, मागणी वाढत जाते. आधी १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. ॲप काढून टाकण्याआधी स्क्रीनशॉट, फोन नंबर, पैसे आले-गेले त्या व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या बंद करा. घरच्यांना आणि जवळच्यांना स्वतःच सांगा की असे फोटो येतील आणि ते खोटे आहेत. हे सांगायला जड जाते, मला कळते, पण त्या लोकांचा सगळा धंदा तुमच्या लपवण्यावर चालतो.

कायदेशीर ॲपलाही तुमच्या फोनमधली नावे आणि फोटो चाळता येत नाहीत. कर्ज कोणत्या बँकेचे किंवा नोंदणीकृत कंपनीचे आहे ते त्याने सांगायला हवे, पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि सगळा खर्च धरून वर्षाचा दर आधी दाखवायला हवा. यातले काहीच नसेल तर तो सावकारही नाही, निव्वळ लुटारू आहे.

९. तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे, लेखी. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ईमेल केला तर जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोव्हेंबर २०२१ पासून देशभराची एकच योजना आहे. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार भरता येते, चंदीगडच्या केंद्राकडे टपालानेही पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक हिंदी, इंग्रजीबरोबर मराठीतही चालतो. फी नाही. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत होती, पण तेवढे थांबू नका. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेत नाहीत, तेव्हा 'आम्ही लोकपालाकडे केस लावून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

अर्ज लांब नको. आम्ही साधारण असा लिहून देतो:

'माझे कर्ज खाते क्रमांक अमुक. तमुक तारखेला संध्याकाळी ७.४० वाजता आपले प्रतिनिधी (नाव, ओळखपत्र क्रमांक) माझ्या घरी आले व शेजाऱ्यांसमोर अपशब्द बोलले. साक्षीदार व फोटो सोबत. माझी थकबाकी मला मान्य आहे. माझ्याकडून दरमहा अमुक रक्कम देणे शक्य आहे. कृपया (१) खात्याचा पूर्ण उतारा, (२) करारनाम्याची प्रत, (३) लावलेल्या दंडाचा हिशेब द्यावा व प्रतिनिधींना नियमानुसार वागण्याची लेखी सूचना द्यावी.'

'थकबाकी मान्य आहे' हे वाक्य बायका खोडायला सांगतात. कर्ज खरे असेल आणि अलीकडचे असेल तर मी ते ठेवते. खरे बोलणाऱ्या माणसाची बाकीची तक्रारही खरी वाटते. फार जुने कर्ज असेल, तर मात्र असे लिहून देण्याआधी वकिलाला विचारा, कारण देणे लेखी मान्य केले की मुदतीच्या कायद्याचे घड्याळ नव्याने सुरू होऊ शकते.

अपवाद: पतसंस्था, म्हणजे इकडे ज्यांना साख सहकारी संस्था म्हणतात, त्या या लोकपालाच्या कक्षेत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याकडे जाते. बँकेतल्या ठेवीला असलेले ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नसते. नावात 'बँक' नसलेल्या जागी आयुष्याची पुंजी ठेवण्याआधी हे लक्षात घ्या.

१०. मिस्टर गेले. त्यांचे कर्ज मला फेडावे लागेल का?

कागदावर तुम्ही कोण आहात यावर ते ठरते. सहकर्जदार असाल तर कर्ज तुमचेही आहे. जामीनदार असाल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. 'आधी त्यांच्याकडून घ्या' असे म्हणता येत नाही. दोन्ही नसाल, नुसत्या वारस असाल, तर त्यांच्याकडून जे मिळाले तेवढ्यापुरतेच. तुमचा स्वतःचा पगार, माहेरचे दागिने, तुमच्या कमाईची बचत यांना हात लावता येत नाही.

म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्याआधी कर्जाच्या मूळ कराराची प्रत मागा. नवरा गेल्यावर पंधरा दिवसांत 'नुसती औपचारिकता आहे' म्हणत नवा कागद पुढे केला जातो आणि त्यात बाई सहकर्जदार होऊन जाते. सही केलेली नसेल तर करू नका.

मग विमा शोधा. गृहकर्जाबरोबर पुष्कळदा कर्जाचा विमा काढलेला असतो. पासबुकात वर्षातून एकदा ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का पाहा. पहिला प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, दुसरा अपघाताचा सुरक्षा विमा. दोन्हींत २ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ती ओळ कोणी वाचत नाही आणि दावा राहून जातो.

११. खात्याला नॉमिनी सासूबाई आहेत. म्हणजे पैसे त्यांचेच झाले?

बँक पैसे त्यांच्या हातात देईल, पण त्या मालक होत नाहीत. नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम घेणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याबाबत सांगितले आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तसेच म्हटले. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुले आणि आई यांचे वाटे सारखे असतात. म्हणजे सासूबाईंचाही वाटा खराच आहे, सगळे मात्र त्यांचे नाही.

अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम त्या नॉमिनीचीच होऊ शकते. तेव्हा पॉलिसीवर कोणाचे नाव आहे ते आजच बघा. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, त्यामुळे आई की बायको हा घरातला वाद टाळता येतो.

१२. प्रत्येक कागदावर माझे नाव वेगळे आहे. काय करू?

मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी बायकांचे हे खास दुखणे आहे. आपल्याकडे नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. इथल्या फॉर्मवर पित्याचे किंवा पतीचे नाव वेगळ्या रकान्यात जाते. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर दोन शब्द, पॅनवर तीन, आणि जुन्या कागदांत सुनंदाची सुनंदाबाई. लग्नात पाळण्यातले नाव बदललेले असेल तर विचारायलाच नको. नवरा असेपर्यंत सगळे चालून जाते. तो गेला की बँक, विमा कंपनी, सैनिकांच्या नोंदी ठेवणारे लष्कराचे रेकॉर्ड ऑफिस, प्रत्येकजण विचारतो, ही बाई तीच कशावरून?

एक कागद पाया धरा, शक्यतो आधार. बाकीचे त्याला जुळवून घ्या. निव्वळ शब्दांचा फरक असेल तर 'या सर्व नावांची व्यक्ती मीच' असे नोटरीचे प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी पुरते. नावच बदलले असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्रात नोंद करा. जवानाच्या पत्नीने आणखी एक पाहावे: लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंद-आदेशाने, झाली आहे का, आणि त्यातले नाव तुमच्या आधारशी जुळते का. नवरा नोकरीत असताना हे एका अर्जाचे काम आहे. नंतर वर्षे जातात.

१३. माजी सैनिक वारले. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला काय लागते, आणि त्यांचे कर्ज त्यातून कापतील का?

मृत्यूची खबर रेकॉर्ड ऑफिसला आणि पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर द्या. मृत्यूचा दाखला, पेन्शन आदेशाची प्रत, तुमच्या नावाचे खाते आणि आधार तयार ठेवा. अडकलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, हे त्यांचे कामच आहे. सर्वसाधारण फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, सुरुवातीच्या ठरावीक काळात ५० टक्के. मृत्यूनंतर त्यांच्या नावाने जमा झालेली पेन्शन काढू नका, ती परत घेतली जाते.

दुसऱ्या भागाबद्दल: १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सावकाराच्या सांगण्यावरून पेन्शनवर जप्ती येत नाही. पण तुम्ही स्वतः पेन्शनवर कर्ज घेऊन हप्ता कापायची परवानगी दिली असेल तर तो कापला जाईल. एकाच बँकेत पेन्शन आणि थकलेले कर्ज असेल तर वाद होतात, म्हणून फॅमिली पेन्शनसाठी शक्यतो दुसऱ्या बँकेत वेगळे खाते उघडा.

१४. नवरा फौजेत आहे, घरी पैसे पाठवत नाही. कोर्टात गेले तर म्हणतात फौजीचा पगार जप्त होत नाही.

कोर्टाच्या जप्तीबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे: १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम २८ पगाराला संरक्षण देते. पण त्याच कायद्यात बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून रक्कम कापण्याची तरतूद आहे, अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि इतरांसाठी ९१. त्यासाठी नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करायचा. लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, तुमचे उत्पन्न किती आणि पैसे कधीपासून आले नाहीत हे लिहायचे. नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते आणि मग वरचा अधिकारी निर्णय घेतो. कोर्टातला पोटगीचा दावाही तुम्हाला करता येतोच.

युनिटचा पत्ता ठाऊक नसेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जात शिव्याशाप नको, आकडे आणि तारखा हव्यात. असे अर्ज मी टेबलाच्या त्या बाजूनेही वाचले आहेत. तारखा असलेल्या अर्जावर त्याच आठवड्यात हालचाल सुरू व्हायची.

१५. भिशी बुडाली. पोलीस तक्रार घेतील का?

फसवणुकीचा हेतू दिसला तर घेतात, पण पुरावा कमी पडतो. बोली लावून चालणारी भिशी १९८२ च्या चिट फंड कायद्याच्या कक्षेत येते आणि आपल्या बहुतेक भिश्यांची नोंदणी नसते. पुढच्या वेळी रोख बंद, यूपीआयने द्या, आणि सदस्यांची यादी सगळ्यांच्या सह्यांनिशी ठेवा.

१६. 'सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवतो' म्हणतात. करू का?

पैसे नसतील तर करा, पण आधी पत्र घ्या, मग पैसे द्या. पत्रात रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे स्पष्ट हवे. क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या आजवरच्या कर्जांच्या नोंदीत, असे खाते 'सेटल्ड' दिसते, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते. हा रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. पूर्ण फेडले तर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

१७. घर जप्त करण्याची ६० दिवसांची नोटीस आली आहे.

ही सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, नोटीस. ६० दिवसांच्या आत लेखी आक्षेप द्या, त्याला बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. पुढे ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि आपल्यासाठी ते जबलपूरला आहे. इथे आमचे काम संपते. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे लगेच वकील घ्या. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही.

१८. नवरा सीमेवर आहे आणि त्याच्यावर गावात पैशांचा दावा लागला आहे. तारखेला कोण जाणार?

१९२५ चा सैनिकांच्या खटल्यांविषयीचा कायदा यासाठीच आहे आणि तो आजही लागू आहे. युद्धाच्या किंवा सरकारने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत तैनात असलेला सैनिक पक्षकार असेल, तर त्याच्या लष्करी अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र कोर्टात आल्यावर सुनावणी पुढे ढकलता येते. प्रमाणपत्रासाठी नवऱ्याने युनिटमध्ये अर्ज करायचा. ते येईपर्यंत तुम्ही तारखेला कोर्टात जाऊन 'पक्षकार सैनिक आहे, अमुक युनिटमध्ये तैनात आहे' असा साधा अर्ज द्या, म्हणजे एकतर्फी निकाल होणार नाही.

याला मर्यादा आहेत. नेहमीच्या शांत ठिकाणी पोस्टिंग असेल तर हे संरक्षण मिळत नाही. भावाबरोबर संयुक्त दावा असेल, दोघांचे हित एकच असेल आणि भाऊ ते नीट सांभाळत असेल, तरी कोर्ट पुढे जाऊ शकते. म्हणून दाव्याची प्रत, नोटिशीचे पाकीट तारखेच्या शिक्क्यासकट, आणि नवऱ्याच्या युनिटचा पत्ता एवढे घेऊन या. प्रमाणपत्राचा अर्ज तिथेच बसून लिहू आणि त्याच दिवशी पाठवू.